जयवंताबाईंची लांब प्रार्थना

आमच्या चर्चच्या महिला मंडळात एक नियम आहे आणि तो जयवंताबाईंनी काढलेला आहे, म्हणजे मोडायची सोय नाही. प्रत्येकीने एक वही ठेवायची. रविवारी उपासनेत पाळकसाहेब बायबलमधलं जे वचन देतील ते पानाच्या वर लिहायचं, आठवडाभर त्यावर मनन करायचं, मनात येईल ते खाली उतरवायचं आणि शेवटी प्रार्थनेचे विषय मांडायचे. एवढ्यावर थांबलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, जिच्या घरी प्रार्थना सभा असेल तिथे सगळ्या वह्या सतरंजीच्या मधोमध ठेवायच्या आणि प्रत्येकीने दुसरीची एक वही उचलून घरी न्यायची. आठवडाभर त्या वहीतल्या विषयांसाठी प्रार्थना करायची आणि पुढच्या शनिवारी ती परत द्यायची. त्याआधी नाही.

आता आपली वही दुसरी बाई वाचणार हे माहीत असताना कोण खरं लिहील? आमची दीपमाला दर महिन्याला लिहिते, सासूबाईंना प्रभूने दीर्घायुष्य द्यावं. मी दीपमालाला पंधरा वर्षं ओळखते आणि तिच्या सासूबाईंनाही.

मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते. पेशंटच्या चार्टवर जे झालं तेच लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते नाही, ही शिस्त हाडात भिनलेली. त्यामुळे मला गुळगुळीत लिहायचा कंटाळा येतो. आणि खरं लिहायची सोय नव्हती. म्हणून मी दोन वह्या ठेवल्या.

एक दाखवायची. ती पुढच्या खोलीतल्या कपाटात, बायबलच्या शेजारी. तिच्यात मी सहा-सात वर्षांपूर्वीच्या माझ्याच वह्यांमधलं मनन उतरवून काढायची. तेव्हा माझा नवरा होता, तेव्हा मी मनापासून लिहीत असे. चांगलं लिहीत असे, खोटं कशाला बोलू. दुसरी वही खरी. ती शिवणमशीनच्या खणात, गुंड्यांच्या डब्याखाली. दोन्ही वह्या मंडळाने जानेवारीत एकगठ्ठा आणलेल्यांपैकी, दोन्हींना चर्चच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर, कोरी बाजू वर. कोणती कोणती ते फक्त जागेवरून कळायचं. मला वाटायचं तेवढं पुरे आहे.

खऱ्या वहीत वचनाखाली एक आकडा असतो. रुपराव गेल्यापासूनचा हा कितवा रविवार. त्याच्याखाली दुसरा आकडा. आदल्या दिवशी सभेत जयवंताबाईंची प्रार्थना किती मिनिटं चालली. नऊ. अकरा. साडेसात, त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. बाकी मनन म्हणावं असं फार काही नाही. बऱ्याचदा एकच ओळ, ‘आज काही आलं नाही.’

मिनिटांचं सांगते. आमच्याकडे जरीपटक्यात एप्रिलमध्ये पाच वाजता सभा भरते तेव्हा बाहेर रस्ता अजून भाजत असतो. खोलीत अठरा बायका आणि एक कूलर. गाणी होईपर्यंत कूलर चालतो. पण प्रार्थना सुरू होताना कूलर बंद करायचा, कारण त्याच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत. इतर बायका याचा विचार करून प्रार्थना आटोपतात. जयवंताबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यांना घाम येत नाही. त्या देशाच्या सीमेवरच्या जवानांपासून सुरू करतात आणि गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत येतात. एरवी आमच्यासारखंच बोलणारी ही बाई प्रार्थनेत अगदी पुस्तकातल्यासारखं बोलते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. मी मधेच हळूच उघडून मनगटावरचं घड्याळ पाहते.

पण हे कूलरचं झालं. माझ्या मनातली गोष्ट त्याहून जुनी आहे.

रुपराव, म्हणजे माझे यजमान, रेल्वेतून रिटायर झाले आणि दोन वर्षांत किडन्या गेल्या. शेवटी त्यांनीच सांगितलं होतं, मशीनवर ठेवू नका. मी ज्या दवाखान्यात नोकरी केली तिथेच तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. तीन दिवस मी त्यांच्या पायाशी उभी होते. करिष्मा, माझी मुलगी, म्हणायची, आई बस जरा. पण बसलं की डोळा लागेल अशी भीती. बत्तीस वर्षांत मी किती नातेवाइकांना सांगितलं असेल, आता कुठे जाऊ नका, त्यांच्याकडे बघत राहा, हात धरा, बोला. मला माहीत होतं ती वेळ कशी येते. पायांचा रंग बघून मी सांगू शकत असे. त्यांना त्रास नको म्हणून मॉनिटरचा आवाज बंद ठेवायला मीच सांगितलं होतं. मी बघतेच आहे, मग आवाज कशाला.

मंगळवारी दुपारी मंडळाच्या सात-आठ जणी आल्या. करिष्मा खाली औषधं आणायला गेली होती. जयवंताबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “डोळे मिट वं प्रेमिला, प्रार्थना करू.” मोठ्या बाईने सांगितलं, मी मिटले. मिटताना भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, सवयीने. चार वाजून दहा मिनिटं.

त्यांनी रुपरावांसाठी प्रार्थना केली. मग डॉक्टरांसाठी, मग नर्सेससाठी. मग धंतोलीतल्या सगळ्या दवाखान्यांतल्या सगळ्या पेशंटसाठी. मग विदर्भातल्या गावांसाठी जिथे दवाखानेच नाहीत. मग, हे मी माझ्या कानांनी ऐकलं, मग जरीपटक्यातल्या नळांसाठी आणि कार्पोरेशनच्या पाणीखात्याला सद्बुद्धी मिळावी म्हणून. माझ्या मनात येत होतं, आता डोळे उघडावेत. पण प्रार्थना चालू असताना डोळे उघडू नयेत हे आम्हाला पाळण्यातून शिकवलेलं असतं. बाई आमेन म्हणाल्या तेव्हा चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी बघितलं आणि मला लगेच कळलं. मला ते कळायला डॉक्टर लागत नाही.

आयुष्यभर परक्या माणसांचा शेवटचा श्वास मी बघितला आणि माझ्या माणसाचा माझ्यासमोर, मी डोळे मिटून उभी असताना, गेला. हे मी कोणाला बोलले नाही. करिष्मालाही नाही. जयवंताबाईंना तर नाहीच. त्यांनी पुढे तेरा दिवस आमच्याकडे डबा पाठवला, भाजी निवडली, माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. त्यांच्याशी भांडायचं तरी कसं? मी वहीत लिहीत राहिले. कधी नीट, कधी नुसते आकडे. फेब्रुवारीतल्या एका पानावर लिहिलं होतं, ‘प्रभू, रुपराव जात होते आणि ही बाई नळासाठी प्रार्थना करत होती. मला हिला माफ करता येत नाही. करायची इच्छाही होत नाही. तिला हे कधी कळू नये एवढीच प्रार्थना.’

आता गेल्या महिन्यातलं.

शेवटच्या शनिवारी सभा दीपमालाकडे होती. दुपारी करिष्माने, तिला वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून सुट्टी होती, शिवणमशीन पुसायला घेतलं आणि खण रिकामा केला. न्यायची वही मी कपाटातून काढून मशीनजवळ ठेवली होती आणि निघायच्या घाईत होते, चष्मा डोक्यावर. “आई, तुही वही,” असं म्हणून तिने हातात दिली, मी पिशवीत टाकली. दीपमालाकडे ती सतरंजीवर ठेवली. वह्या उचलताना जयवंताबाईंच्या हाताला माझी लागली. मला उलट बरंच वाटलं. त्यात उतरवून काढलेलं चांगलं मनन होतं, चार प्रार्थनेचे विषय होते, पैकी एक कार्पोरेशनच्या कचरागाडीसाठी, त्यांना आवडला असता.

रविवारी चर्चमध्ये जयवंताबाई नव्हत्या. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे, त्यांची जागा रिकामी. एवढ्या वर्षांत कावीळ झाली तेव्हाच काय त्या चुकल्या होत्या. मला वाटलं बीपी वाढलं असेल. ईस्टर होऊन काही दिवस झाले होते आणि पाळकसाहेबांनी अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोन शिष्य वचनाला घेतले. प्रभू मरणातून उठला आहे हे त्यांना ठाऊक नाही, तो त्यांच्याबरोबर चालतो तरी ते ओळखत नाहीत, आणि जेवायला बसल्यावर भाकरी मोडताना त्यांचे डोळे उघडतात, तेवढ्यात तो दिसेनासा होतो. पाळकसाहेबांनी त्यावर फार आनंदाने सांगितलं. मला राग आला. डोळे उघडावेत आणि माणूस नसावा, यात आनंद कसला ते मला कळेना.

घरी येऊन जेवण उरकलं, भांडी पालथी घातली आणि हेच लिहावं म्हणून खण उघडला. गुंड्यांच्या डब्याखाली वही होती. उघडली तर माझंच सात वर्षांपूर्वीचं सुबक मनन. मशीनजवळ ठेवलेली वही करिष्माने आवरताना खणात घातली होती.

मी कपाटात पाहिलं, तिथे काही नाही. मग शिवणमशीन, मग पिशवी, मग परत कपाट. जयवंताबाई चर्चला का आल्या नाहीत ते मग कळलं. करिष्मा म्हणाली, “आई, काहून एवढी घाबरून राहिली? वहीच तं आहे.” मी तिला ओरडले. तिची काहीच चूक नव्हती.

त्या रात्री मी वहीत काय काय आहे ते आठवत बसले. दीपमालाच्या सासूबाईंबद्दल आहे. पाळकसाहेबांच्या बायकोच्या आवाजाबद्दल आहे. ‘प्रभू, जयवंताबाईंची प्रार्थना आखूड कर’ हे निदान सहा वेळा आहे. याचं मला फार वाटलं नाही, ते हसून नेता आलं असतं. फेब्रुवारीचं पान मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ही बाई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही, आणि तिच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट म्हणजे आपण लोकांसाठी प्रार्थना करतो. तीच मी तिच्या पुढ्यात फाडून ठेवली होती.

सोमवारी सकाळी मी दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. टेबलावर माझी वही, तिच्यावर त्यांचा चष्मा, शेजारी टोक केलेली पेन्सिल. त्या मटकीला मोड आलेत का ते बघत होत्या.

“सलाम बाई,” मी म्हणाले.

“ये. बस. पन्हं देऊ का?”

“नाही. बाई, ती वही चुकीची आली तुमच्याकडं.”

“चुकीची काहून? नाव तं तुह्यंच आहे.”

“माह्याच नावाची आहे, पण दुसरी द्यायची होती. ही परत द्या ना.”

त्यांनी मटकीवर ओलं फडकं झाकलं. हात पुसले. माझ्याकडे बघितलं, पण रागाने नाही. कशाने ते मला सांगता आलं नाही, आणि बत्तीस वर्षं पेशंटची तोंडं वाचलेल्या माझ्यासारखीला हे लाजिरवाणं आहे.

“शनिवारी देईन,” त्या म्हणाल्या. “नियम आहे.”

“तुम्ही वाचली का?”

“वाचल्याबिगर प्रार्थना कशी करू?”

मग त्यांनी पन्हं दिलंच. मी प्यायले. विलायची जास्त झाली होती. दोघी मिळून उन्हाबद्दल बोललो आणि मी घरी आले.

ते पाच दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मंगळवारी वाटलं, त्या सभेत सगळ्यांसमोर वही वाचून दाखवतील. बुधवारी वाटलं, तसं केलं तर बरंच होईल, एकदाचं निकाली लागेल. गुरुवारी मला एकदम राग आला. मी का घाबरायचं? जे झालं तेच तर लिहिलं होतं. शुक्रवारी राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं, कारण तेल लावतानाचे त्यांचे हात आठवले. प्रार्थनेला बसले की एकच वाक्य यायचं, प्रभू, त्या बाईला सहन होऊ दे. मग लक्षात आलं, तीन वर्षांत मी जयवंताबाईंसाठी पहिल्यांदाच प्रार्थना करत होते.

शनिवारी सभा आमच्याकडे होती. मी तीन वाजल्यापासून सतरंज्या अंथरून, कूलरमध्ये पाणी भरून बसले. पाचची सभा, चारलाच जयवंताबाई आल्या. छत्री, पिशवी, पिशवीत वही. करिष्मा बाजारातून समोसे आणायला गेली होती. आम्ही दोघीच.

त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि कूलरसमोर खुर्ची ओढून बसल्या. “पाहून घे,” म्हणाल्या.

मी उघडली. प्रत्येक पानाच्या समासात, शाळेतल्या तपासलेल्या वहीसारखं, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘प्रा. के.’ आणि तारीख. म्हणजे प्रार्थना केली. दीपमालाच्या सासूबाईंपुढे प्रा. के. पाळकसाहेबांच्या बायकोच्या आवाजापुढे प्रा. के. जिथे जिथे मी ‘आज काही आलं नाही’ लिहिलं होतं तिथे प्रत्येक ठिकाणी प्रा. के., एकही सोडलं नव्हतं. ‘जयवंताबाईंची प्रार्थना आखूड कर’ यापुढे लिहिलं होतं, ‘प्रा. के. उत्तराची आशा कमी.’ मला हसू आलं आणि मी लगेच दाबलं.

फेब्रुवारीच्या पानावर समास कोरा होता.

“तठी नाही लिहिलं,” त्या म्हणाल्या. मी कोणतं पान बघते आहे ते त्यांना न पाहताच कळलं. “ते तोंडानं सांगायचं आहे. रविवारी चर्चले आली नाही मी, कारण हिंमत नव्हती. आता ऐक अन् मधात बोलू नको.”

मी सतरंजीवर बसले.

“मी पस्तीस वर्षं पोट्ट्यांची प्रार्थना घेतली,” त्या म्हणाल्या. “पहिली-दुसरीची पोट्टी. प्रार्थना घेताना मास्तरणीनं डोळे मिटले का वर्ग संपला. कोणी कोणाची शेंडी ओढते, कोणी बाहेर पळते. मले डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करता येते. मिटले तं शब्दच येत नाहीत. तुम्हा कोणाले माहीत नाही, कारण तुमचे सगळ्यांचे मिटलेले असतात. तू दर शनिवारी घड्याळ पाहते ते मले दिसते. अन् दोन वर्षं झाली, तू जुनं मनन उतरवून राहिली तेही मले माहीत आहे. मास्तरीन आहो मी, कॉपी ओळखतो.”

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

“त्या दिवशीही माहे डोळे उघडे होते.”

कूलरचं पाणी पडत होतं, त्याचा आवाज येत होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“तीन दिवस तू उभी होती. तुह्यं तोंड असं झालं होतं का पाहवत नव्हतं. म्हणून म्हटलं, डोळे मिट. दोन मिनिटं तरी मिटशील. तू मिटले अन् तुह्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तेवढ्यात रुपरावांनी डोळे उघडले. सकाळपासून उघडले नव्हते. अन् तुह्याकडं पाहून राहिले. माह्याकडं नाही, दुसऱ्या कोणाकडं नाही. नुसते तुह्याकडं.”

“मग मले सांगतलं काहून नाही?” मी म्हणाले. “हाक मारायची होती. एक हाक.”

“मारणार होती. तोंड उघडलं होतं. तं त्यांनी माह्याकडं पाह्यलं अन् मान हलवली. जराशी. मले वाटलं म्हणून राहिले, राहू द्या तिले. असं मले वाटलं. खरंच तसं म्हणत होते का मले तसं वाटून घ्यायचं होतं, ते मी तीन वर्षं देवाले विचारून राहिली. तो काही बोलत नाही.” त्यांनी हातातली छत्री खाली ठेवली. “मी म्हटलं, आमेन म्हटलं का सगळ्या डोळे उघडतील. रडारड होईल. त्यांचं पाहणं मोडेल. म्हणून मी आमेन म्हटलंच नाही. डॉक्टर झाले, नर्स झाल्या, पेशंट झाले, गावं झाली, माह्याजवळचे शब्द संपले, प्रेमिला. म्हणून नळ घेतला. कार्पोरेशन घेतलं. त्यांचे डोळे शांत झाले तेव्हा मी आमेन म्हटलं.”

मला आधी रागच आला, हे मी लपवणार नाही. ती अकरा मिनिटं माझी होती आणि ती दुसऱ्या कोणीतरी बघितली होती. मी उठले, आत गेले, माठातलं पाणी प्यायले, स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. मग मला ते चित्र दिसायला लागलं. मी पायाशी उभी, डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या नाहीत, आणि रुपराव बघत आहेत. त्यांना मी कायम सांगायची, मी बघतेच आहे तुमच्याकडे, तुम्ही झोपा. त्या दिवशी ते बघत होते आणि मी जरा विसावले होते. मी ओट्याशी उभी राहून खूप रडले. तीन वर्षांत तशी रडले नव्हते.

बाहेर आले तेव्हा जयवंताबाई तशाच बसल्या होत्या. एवढी खमकी बाई, पण खुर्चीत अंग चोरून बसली होती.

“तेव्हाच सांगायला पाहिजे होतं तुम्ही,” मी म्हणाले.

“हाव. पाहिजे होतं. तू विचारलं असतं, हाक काहून नाही मारली. त्याचं उत्तर माह्यापाशी नव्हतं. आताही नाही. म्हणून डबे पाठवले.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “शेवटी कसे होते? नीट सांगा. मी नर्स आहे, मले सगळं सांगा.”

त्यांनी सांगितलं. श्वास कसा होता, हात कुठे होता, ओठ हलले का. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, त्यांनी काहीही विसरलेलं नव्हतं. एक बोट चादरीवर हळूहळू आपटत होते, म्हणाल्या, जसं गाण्याला ठेका धरावा तसं. मला ते बोट माहीत होतं. रोज सकाळी चहाची वाट बघताना टेबलावर ते बोट तसंच चालायचं.

मग करिष्मा समोसे घेऊन आली, तिने आमच्या दोघींची तोंडं पाहिली आणि काही न विचारता ताटल्या काढल्या. पाच वाजता बायका आल्या. दीपमाला नवीन साडी नेसली होती. गाणी झाली, वचन वाचलं, एकीने साक्ष दिली, म्हणजे प्रभूने तिच्यासाठी काय केलं ते सांगितलं. मग प्रार्थनेची वेळ झाली. ज्या घरी सभा, त्या घरच्या बाईने ठरवायचं की प्रार्थना कोण करेल. माझ्या घरी गेली तीन वर्षं मी जयवंताबाई सोडून बाकी सगळ्यांना सांगत आले होते. तरीही कोणाचं झालं की त्या आपणहून सुरू करायच्या, तो भाग वेगळा. त्या दिवशी त्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्या आपणहून करणार नव्हत्या, हे मला दिसलं.

मी उठून कूलर बंद केला.

“जयवंताबाई, तुम्ही करा,” मी म्हणाले. “अन् घाई करू नका.”

दीपमालाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलं असावं. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. अठरा बायका. मी मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मिटले नाहीत. समोर जयवंताबाई बसल्या होत्या, त्यांचेही डोळे उघडे, माझ्याकडे. त्यांनी सुरुवात केली, हे दयाळू पित्या, आणि आवाज जरा अडकला. मी मान हलवली, जराशी. मग त्या पुढे बोलायला लागल्या.

सीमेवरचे जवान झाले. दवाखाने झाले. घामाच्या धारा लागल्या होत्या, दीपमाला पदराने वारा घेत होती, कोणीतरी उसासा टाकला. त्या नळांपर्यंत आल्या तेव्हा मला हसू आलं आणि त्यांनाही आलं, पण प्रार्थना थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी वही घेऊन बसले. शिवणमशीनच्या खणातली नाही, आता एकच वही आहे, ती कपाटात बायबलजवळ असते. दुसरी रद्दीत दिली. एकशे एकोणपन्नासावा रविवार कोराच राहिला होता, वही जयवंताबाईंकडे असल्यामुळे, तो तसाच राहू दिला. पुढच्या पानावर वचन लिहिलं. खाली आकडा, एकशे पन्नास. त्याखाली मिनिटं लिहायची जागा. बराच वेळ पेन धरून विचार केला, आणि मग जे झालं तेच लिहिलं.

‘काल प्रार्थना जयवंताबाईंनी केली. किती वेळ चालली ते माहीत नाही. मी त्यांच्याकडे बघत होते.’